मुदत कुठून मोजायची

अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसाशीच भांडणारा अर्जनवीस मी आयुष्यात एकच पाहिला. करीमचाचा. मोहाडीला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या ओसरीत, पत्र्याच्या सावलीत, चाचांचं टेबल. रोज सकाळी आंधळगावहून एसटीनं यायचे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी आणि कपाळावर कायमची आठी. ती आठी पाहून नवीन गिऱ्हाईक पलीकडच्या अर्जनविसाकडे वळायचं. जुनं मात्र ओरडा खाऊनही चाचांकडेच यायचं.

अर्ज लिहून झाला की ते तो मोठ्यानं वाचून दाखवायचे. एकेका वाक्यापाशी थांबून विचारायचे, "हे खरं आहे?" समोरच्यानं नुसती मान हलवलेली चालायची नाही; तोंडानं "हो जी" म्हणावं लागायचं. एकदा एक म्हातारी निराधाराच्या पगाराचा अर्ज लिहून घ्यायला आली. म्हणाली, "लिहा जी, मले पोरगा नाही."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "मंग आत्ता सायकलवर सोडून गेला तो कोण?"

"तो असून नसल्यावानीच आहे."

"तसंच लिहीन. पोरगा आहे, पण पाहत नाही. नाहीच आहे, असं नाही लिहिणार."

म्हातारी शिव्या देत पलीकडे गेली. पलीकडच्यानं "मुलगा नाही" असं ठोकून दिलं आणि तिचा अर्ज मंजूरही झाला. मी मुद्दाम चाचांना ही बातमी दिली, तोंड कसं होतं ते बघायला. ते म्हणाले, "मंजूर झाला, चांगलं झालं. माह्या हातून झाला नाही, तेही चांगलं झालं." आणि पेनाचं टोपण काढून पुढच्या माणसाकडे वळले. अशा माणसावर रागावून तरी काय करणार?

दुसरी त्यांची खोड म्हणजे पोच. अर्ज आत देऊन आलेल्या प्रत्येकाला ते अडवायचे. "शिक्का कुठं आहे? तारीख कुठं आहे?" जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, तेव्हा कोणता कागद भंडाऱ्याला न्यायचा आणि कोणता गोंदियाला, याचाच लोकांना उलगडा होत नव्हता. जो तो म्हणायचा, मी तर केव्हाचाच अर्ज दिला. चाचा त्यांच्या अंगावर यायचे. "पोच नाही तं अर्ज नाही. तुमच्या दुःखापासून मुदत मोजत नसतात, बाप्पा. पोचेच्या तारखेपासून मोजतात." हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकायची. पुढे त्या वाक्यानं त्यांचाच गळा धरला, ती हकीकत सांगायची म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

टायपिंगचे दिवस सरले आणि मी दुकानात दोन कॉम्प्युटर घेतले. नेट आलं. चाचा वर्षभर त्या बाजूला फिरकले नाहीत. मग मशिदीतल्या मौलानांनी त्यांना सांगितलं की आता दीनाचा, म्हणजे धर्माचा, कोणताही सवाल घरबसल्या धर्माचा निवाडा देणाऱ्या मोठ्या मुफ्तींना विचारता येतो, जवाबही लेखी मिळतो. लेखी म्हटल्यावर चाचांचे कान टवकारले. दुसऱ्या दिवशी आले, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, टोपी नीट केली आणि खुर्चीवर असे बसले की जणू मुफ्तीसाहेब काचेतून त्यांना बघत आहेत.

पहिले सवाल लोकांचेच होते. मोबाइलात घंटीच्या जागी अजान ठेवावी का. विमा काढावा का. शेजाऱ्याच्या घरचा प्रसाद घ्यावा का. चाचा कागदावर उर्दूत लिहून आणायचे आणि मला अक्षर अक्षर सांगायचे, मी इंग्रजी अक्षरांत ते टाइप करायची. सुरुवात नेहमी एकच: "क्या फ़रमाते हैं उलमा-ए-दीन इस मसले में कि..." चाचांना ते फार आवडायचं. "पाहा बाई, इथंही मायना असते. उगाच अंगावर जात नाहीत."

जवाब आला की ओसरीत चार माणसं जमवून ते वाचायचे. वर आपला सवाल, शब्द न बदलता उर्दू लिपीत छापलेला, खाली जवाब. जवाबाच्या आधी एक बारीक ओळ असायची, सवालात लिहिलेलं खरं असेल तरच हा जवाब लागू. आणि शेवटी, बाकी अल्लाह अधिक जाणतो. "आपल्या कोणत्या साहेबानं असं लिहिलं आतापर्यंत," चाचा म्हणायचे, "की मले पक्कं माहीत नाही?"

पण मग त्यांना नेटवर दुसरी जागा सापडली, मग तिसरी. विम्याच्या एकाच सवालाला तीन जागी तीन जवाब. खाली लोकांच्या मारामाऱ्या. हा त्याला वाट चुकलेला म्हणतो, तो याला अर्धवट शिकलेला. ते वाचताना चाचांचा चेहरा उतरायचा. "तहसीलदार एकच असते, बाई. इथं तं दहा बसून राहिले. अपील कुठं करायची?"

"इथं अपील नसते चाचा, इथं पुढचं पान असते," मी म्हटलं.

आमच्या घरी छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हा त्यांनी कोणाला सवाल विचारला नव्हता, असंही मी त्यांना सुनवायची. ते शांतपणे म्हणायचे, "तुह्या आजोबाचं काळीज मोठं होतं. मले विचारल्याशिवाय घास जात नाही." थट्टा करायचे दिवस होते ते. मला कुठे ठाऊक होतं की पुढचा सवाल त्यांच्याच घरचा आहे!

त्यांची एकुलती एक मुलगी, नसीम. बायको आधीच गेलेली. नसीमला दिली होती लाखांदूर तालुक्यात दिघोरीला. जावई सलीम ट्रकवर ड्रायव्हर, मुलगा चांगला होता. लग्नाला दीड वर्ष झालं असेल, भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या हायवेवरून, एसटीडी बूथवरून त्याचा फोन आला की रायपूरकडे चाललो, आठ दिवसांत येतो. तो त्याचा शेवटचा आवाज. ट्रक सापडला, सलीम सापडला नाही. पोलिसात तक्रार झाली, पेपरात फोटो झाला, चाचा स्वतः रायपूरपर्यंत ढाबे विचारत गेले. काही नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही, पळाला म्हणावं तर कारण नाही. नसीम बापाकडे आंधळगावला परत आली आणि साड्यांना फॉल लावत बसली. बावीस वर्षांची होती.

बिरादरीतल्या एका वडीलधाऱ्यानं चाचांना सांगितलं, "चार साल राह देखो. उसके बाद लडकी आजाद." चाचांनी ते मनात पक्कं धरलं. चार वर्षं. त्या काळात त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. हाच माणूस, ज्याला विचारल्याशिवाय घास जात नव्हता! मी नंतर फार विचार केला यावर. मला वाटतं, त्यांना आतून सलीम परत यायला हवा होता, आणि विचारणं म्हणजे तो येणार नाही हे कबूल करणं. म्हणून ते नुसते दिवस मोजत राहिले आणि नसीम खाली मान घालून फॉल लावत राहिली.

चार वर्षं भरली त्याच सुमारास तुमसरचं एक स्थळ आलं. रशीद नावाचा सायकल दुरुस्तीवाला, बायको वारलेली, पाच वर्षांची मुलगी. नसीमनं त्या मुलीला कुठल्याशा लग्नात पाहिलं होतं. होकार-नकार काही बोलली नाही, पण दोन दिवसांत उरलेल्या कापडाचा एक फ्रॉक शिवून तिनं बापाच्या पिशवीत ठेवला. चाचांनी तो मला उलगडून दाखवला. पिवळा होता, गळ्याशी लाल गोट. "आता काय सांगायचं राहिलं, बाई?" म्हणाले. त्यांच्या कपाळावरची आठी तेवढा एक दिवस नव्हती.

रशीदनं म्हटलं, लेखी फतवा असला की माझे घरचे बोलणार नाहीत. चाचा हसत दुकानात आले. "फक्त शिक्का मारून घ्यायचा आहे." आम्ही सवाल पाठवला. नऊ दिवसांनी जवाब आला.

त्यांनी तो मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मधेच आवाज थांबला. ओठ हलत राहिले. मी विचारलं, काय झालं. त्यांनी बोट ठेवून मला मराठीत सांगितलं. नवरा बेपत्ता असेल तर बाईनं काझीपुढे अर्ज करावा. काझी चौकशी करतील, शोध घेतील, आणि मग चार वर्षांची मुदत देतील. ही मुदत काझींनी हुकूम दिला त्या दिवसापासून धरली जाईल. घरी बसून काढलेली वर्षं मुदतीत मोजता येणार नाहीत.

"पोच," चाचा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "मी पोच नाही घेतली, बाई."

तालुक्यातल्या झाडून सगळ्या माणसांवर ज्या एका गोष्टीसाठी ते ओरडले, ती स्वतःच्या लेकीसाठी करायची राहिली होती.

त्यानंतरचे सहा महिने ओसरीतल्या टेबलावर अर्ज लिहायचं काम जवळजवळ बंद पडलं. चाचा उघडल्यापासून बंद होईपर्यंत कॉम्प्युटरसमोर. जिथे जिथे सवाल घालता येईल तिथे घातला. एकानं लिहिलं, जुन्या मतानं नवऱ्याच्या वयाचे सगळे मरेपर्यंत थांबायला हवं, पण आज तसा निवाडा देत नाहीत. दुसऱ्यानं लिहिलं, चार वर्षं, हुकमापासून. तिसऱ्यानं लिहिलं, आधीच बराच काळ गेला असेल आणि बाईचे हाल असतील तर काझी एक वर्षावरही आणू शकतात. खाली लोकांची भांडणं. कोणी तिसऱ्याला शिव्या देत होतं, कोणी पहिल्याला. या सगळ्या आरडाओरड्यात नसीमचं वय सत्तावीस होत आलं होतं हे कोणाच्या गावीही नव्हतं. माझं डोकं फिरायचं.

"चाचा, कोर्टात जा," मी म्हटलं. "वकील सांगून राहिले की कायदा आहे. नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नसला की सुटका, आणि ती वर्षं तो गेला तेव्हापासूनच मोजतात."

"माहीत आहे मले. तो अर्ज मी दुसऱ्यांसाठी लिहिला आहे."

"मंग अडलं कुठं?"

"कोर्टाचा कागद सरकारात चालते. तिच्या निकाहाले चालते का, ते विचारून राहिलो." तेही विचारलं. त्यावर तर आणखी मोठा वाद पेटलेला. चालतो म्हणणारे होते, नाही म्हणणारे होते, कोर्टाचा घ्या पण काझीकडूनही घ्या म्हणणारे होते. चाचा ते वाचत राहिले. शेवटी मी स्क्रीनच बंद केला. ते बंद स्क्रीनकडे बघत बसून राहिले.

मग एका जवाबात फट दिसली. नवऱ्यानं बाईच्या खाण्यापिण्याची काहीच सोय ठेवली नसेल, तर एवढं थांबायची गरज नाही, काझी चौकशी करून लवकर निकाह मोडून देऊ शकतात. मी टाळी वाजवली. "झालं! सलीमनं कुठं काय ठेवलं आहे? लिहा."

चाचांनी सांगितलं, मी टाइप केलं. सगळं नीट जमलं होतं. शेवटच्या ओळीला ते थांबले. "अजून एक लिही. पोरीची सास दिघोरीहून दरसाल तांदळाचा एक कट्टा पाठवते."

मी हात आवरले. "हे कायले लिहायचं?"

"पाठवते म्हणून."

"पोतंभर तांदळावर वर्ष निघते का? नवरा नाही पाठवत, सासू पाठवते!"

"ते मुफ्तीसाहेब ठरवतील. आपण सांगायचं." ते उठून हात धुवायला नळाकडे गेले.

मी ती ओळ लिहिली नाही. आज इतक्या वर्षांनी सांगते, मला त्याची लाज वाटली नव्हती. मी बटण दाबलं आणि सवाल पाठवून दिला. चाचा परत आले तेव्हा विचारलं, "गेला?" मी म्हटलं, "गेला."

बारा दिवसांनी जवाब आला. सोय नाही हे शाबीत होत असेल तर चार वर्षं थांबायला लावू नये, काझीकडे जावं, लवकर निकाल होईल. चाचांनी तो छापून घेतला, कागद डोळ्यांना लावला. म्हातारा माणूस ओसरीत सगळ्यांसमोर रडला. म्हणाला, "रशीदले फोन लाव." मी फोन उचलला. नंबर फिरवत होते तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"थांब, बाई."

ते जवाब वाचत नव्हते. वर छापलेला आपला सवाल वाचत होते. कोणाचाही अर्ज वाचावा तसा, एकेका वाक्याला थांबून. शेवटाला आले. मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं.

"कट्टा कुठं आहे?"

"मी गाळला."

"काहून?"

"नसीमसाठी."

त्यांनी कागदाची चौकोनी घडी केली. "याच्यावर लग्न लावलं, तं ती जलमभर माह्या खोट्या अर्जावर नांदेल. मी वरती काय जवाब देऊ?" मी भडकले. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. वरचा जवाब उद्या, पोरीचं आयुष्य आज, एवढं तर नक्कीच म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू पोरीवर माया करून राहिली. मी का दुश्मन आहो?" मग मीच रडायला लागले आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

खरा सवाल परत पाठवला, कट्ट्यासकट. जवाब आला तो असा, की तांदूळ नवऱ्याच्या वतीनं येत असेल तर सोय नाही असं म्हणता येणार नाही. तो सासूनं आपल्या मनानं दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे सगळं आता एका म्हातारीच्या तोंडावर येऊन ठेपलं. मीच म्हटलं, "चला दिघोरीले. मी येते."

नसीमच्या सासूचं, हलीमाबींचं घर गावाच्या कडेला, तलावाच्या बाजूनं. आम्हाला पाहून त्या इतक्या खूश झाल्या की चाचांना तोंड उघडायला तासभर लागला. चहा झाला, पोहे झाले. सलीमचे कपडे दोरीवर वाळत होते. पाच वर्षांपूर्वीचे कपडे त्या दर शुक्रवारी धुवायच्या, हे मला शेजारणीनं सांगितलं. शेवटी चाचा म्हणाले, "भाभी, तांदळाचं विचारायचं होतं. तो तुम्ही पाठवता, तुमच्या मनानं, न?"

"माह्या मनानं म्हणजे?"

"म्हणजे, तुमचा तांदूळ. नसीमवर माया म्हणून."

हलीमाबी हसल्या. "नाही जी, समधीभाऊ. माझा कुठचा? खालची बांधी सलीमच्या हिश्श्याची आहे न. तिथलं धान मी वेगळं भरडते. त्याच्या घरवालीले त्याचंच पोचलं पाहिजे. उद्या आला तं म्हणेल, अम्मी, माह्या बायकोले उपाशी ठेवलं काय?"

मी मधे पडले. "मावशी, तो तुम्हीच देता असं म्हटलं तर नसीमची सुटका होते. तिचं दुसरं घर बसते."

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी चाचांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी म्हणू का, पोरगा मेला?"

"तसं नाही..."

"तसंच आहे." त्या उठल्या. चाचांनी माझ्या हातावर हात ठेवला, पुरे अशा अर्थानं. आम्ही निघालो तेव्हा हलीमाबींनी आपल्या एका भाच्याच्या खांद्यावर देऊन त्या सालचा कट्टा एसटीच्या टपावर चढवला. चाचा नाही म्हणाले नाहीत. कोणत्या तोंडानं म्हणणार होते? साकोलीपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तिनं खरं सांगितलं. आता मी तिले खोटं बोल म्हणायले गेलो होतो, हे कोण माफ करन?"

त्यानंतर चाचांनी नागपूरला काझींकडे रीतसर अर्ज केला. कट्ट्यासकट, सगळं. चौकशीत आणखी वर्ष गेलं आणि मग चार वर्षांचा हुकूम झाला. त्या दिवसापासून चार. कोर्टात मात्र ते शेवटपर्यंत गेले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. रशीद दीड वर्ष थांबला. माणूस भला, पण त्याच्याही घरी पोर होती. त्यानं वरठीची एक बाई केली. फ्रॉकचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

हुकमाला दोन वर्षं झाली तेव्हा चाचांच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन महिने सांगितले. मोहाडीला ते शेवटचे आले ते एक सवाल घेऊनच. सदरा आता अंगावर लोंबत होता. कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हा जसाच्या तसा पाठव. काही गाळू नको." त्यात त्यांनी विचारलं होतं की एका बापानं ठाऊक नसताना, न विचारता, आपल्या लेकीची चार वर्षं वाया घालवली. नंतर खरं सांगण्याच्या नादात तिचं ठरलेलं लग्नही गेलं. त्या बापाचा गुन्हा किती, आणि तो फेडायचा कसा?

जवाब आला तोवर त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. मी छापून आंधळगावला घेऊन गेले. दुपारची वेळ होती. नसीम खिडकीपाशी फॉल लावत होती, बाजेवर चाचा. म्हणाले, "वाच, बाई. मोठ्यानं वाच." मला इतक्या वर्षांत तेवढं वाचता यायला लागलं होतं. जवाब लहान होता. खरं सांगणं हा गुन्हा नाही. पण माणसाचा जो हक्क बुडाला, तो अल्लाहकडे माफी मागून सुटत नाही. ज्याचा बुडाला त्यानंच माफ करावं लागतं. बापानं लेकीची माफी मागावी. बाकी अल्लाह अधिक जाणतो.

चाचांनी मान वळवली. "नसीम, ऐकलं न?"

"ऐकलं."

"मंग?"

नसीमनं सुई कापडात खोचली. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर दहा वाक्यं बोलली नसेल. "मी माफ केलं म्हटलं तं तुमचं सुटते, अब्बा. माझं काय सुटते?"

चाचांनी डोळे मिटले. "काहीच नाही," म्हणाले. आणि मग, "बरोबर बोलली."

मला तिथे बसवेना. मी उठले. नसीम मला सोडायला दारापर्यंत आली तशी मी तिचा दंड धरला. "म्हणून टाक न गं. बाप आहे. किती दिवसांचा उरला आहे?"

"म्हणीन, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "मनातून तं कधीचं केलं आहे. पण आज नाही म्हणत. ते एवढ्यासाठीच जीव धरून आहेत. आज म्हटलं तं उद्या चालले जातील. मंग या घरात मी कोणापाशी राहू?"

डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, चाचा अकरा महिने जगले. नसीमनं शेवटी म्हटलं की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला चाचा दिसतात ते त्या दुपारचेच. मी अंगणातून वळून पाहिलं तेव्हा दार उघडं होतं, आणि ज्यांना कूस बदलता येत नव्हती ते चाचा कसेबसे उठून बाजेवर बसले होते, दाराकडे तोंड करून. नसीम आत गेली. "अब्बा, निजा न," म्हणाली. ते निजले नाहीत.